तिसरीच्या वर्गात आमचं दार

हिवाळ्याच्या सुट्टीआधी तिसरीत लांबी मोजायला शिकवतात, हे मला माहीत नव्हतं. (मी चौथीत शाळा सोडली, पण तिसरीतही वर्गात फारसा सापडायचो नाही.) पुतणीने वही दाखवली तेव्हा कळलं. सुट्टी लागायच्या दिवशी, म्हणजे त्याच दिवशी, प्रत्येकाने आई किंवा बाबांबरोबर मोजलेली घरातली एक वस्तू न्यायची आणि तिच्याबद्दल वर्गात बोलायचं.

"मी जाणारच नाही," पुतणी म्हणाली. "माझ्याकडे बाबांबरोबर मोजलेलं काही नाही."

दादाला जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून पोरगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. आम्ही दोघं भाऊ लोकांकडे दारं बसवायचो. माप दादा घ्यायचा, स्क्रू मी पिळायचो. तो गेल्यावर मी स्वतः माप घेऊन एक दार बसवलं. त्याच्या खालून त्या घरचं मांजर मान न वाकवता आत जातं.

"नाही कसं? बाथरूमच्या दारावर दर वाढदिवसाला तुझी उंची कोण लिहायचं?"

"दार कसं नेणार, काका?"

हे मला विचारते! चार मिनिटांत टॉवेलची दांडी काढली, बिजागऱ्या सोडवल्या आणि दार खांद्यावर. (फोटो काढून नेता आला असता, हे तिसऱ्या चौकात सुचलं. पण पुतणी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसत होती, म्हणून गप्प बसलो.)

बाकीच्या मुलांनी उशी, पट्टा, लाटणं असलं काहीबाही आणलं होतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"गृहपाठ," मी म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला.

"भावजी, बाथरूमला दार नाही!"

"आहे वहिनी. शाळेत आहे."

"शाळेत काय करतंय?"

"तिसरी."

"अहो, मला आंघोळ करून कामावर जायचंय, आणि समोर विम्याचा माणूस चहा पितोय!"

"त्याला भिंतीकडे तोंड करून बसवा." फोन कट झाला.

इकडे पुतणी दारापाशी उभी राहिली आणि चक्क बोलायला लागली. "वय तीन, चौऱ्याण्णव सेंटिमीटर. वय पाच, एकशे आठ. इथे बाबांनी लिहिलंय, रडत होती म्हणून एक वाढवून दिला." मग ती थांबली. दांडीवरच्या टॉवेलांमागे इतकी वर्षं लपलेलं काहीतरी वर दिसत होतं. ती खुर्चीवर चढली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली.

"धाकटा. वय एकोणीस. एकशे एकोणसत्तर. उंची थांबली. अक्कल वाढते का, दर वर्षी बघणे." खाली पाच वर्षांची पाच उत्तरं होती. "नाही. नाही. नाही. जरा आशा. नाही."

वर्गात हशा पिकला. बाईंनी हजेरीची वही तोंडासमोर धरली. मीही हसलो, आणि हसता हसता नाक गळायला लागलं. (दाराचा भुसा गेला असणार.)

"काका, या वर्षीचं राहिलंय," पुतणी म्हणाली.

"लिही की! 'वाढली' म्हणून लिही!"

माप घेताना दादा एक डोळा बारीक करायचा. तस्संच तिने माझ्याकडे बघितलं. "आधी दार नीट बसवा. मग बघू."

संध्याकाळी, अंगात आलेल्या माणसासारखा, मी दार बसवलं. वहिनी खांद्यावर टॉवेल टाकून बघत होती. सकाळी बिनआंघोळीची कामावर गेली होती. मी आत गेलो आणि दार ओढून घेतलं. झकास बसलं! कडी लावायला हात नेला, तर कडी नाही. ती बाहेर गेली होती. दार उलटं बसलं होतं, वरची बाजू खाली आणि आतली बाजू बाहेर. पोरीची तिसऱ्या वाढदिवसाची उंची आता सगळ्यात वर, आणि माझी अक्कल जमिनीलगत.

बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

"वहिनी, उघडा ना!"

"थांबा हो भावजी. ती लिहितेय."

पायापाशी पेन्सिल खरखरली आणि लगेच थांबली. 'जरा आशा' लिहायला जास्त वेळ लागला असता.