निकम काकांचा शेवटचा ड्रॉवर

निकम काका कुणाच्याही घरी गेले की आधी ड्रॉवर उघडतात. म्हणजे चपला बाहेर काढतात, बसा म्हटलं की बसतात, पाण्याचा ग्लासही घेतात. पण तोवर त्यांची नजर टीव्हीखालच्या कपाटावर जाऊन बसलेली असते. पाणी संपलं की ग्लास ठेवायच्या निमित्ताने ते वाकतात आणि सर्रकन तुमचा ड्रॉवर बाहेर! आत काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. आत दागिने असोत की कपड्यांचे चिमटे, त्यांचा हात खालून फिरतो, मागच्या बाजूला टकटक करतो आणि मग निकाल लागतो.

"पाठीला पातळ प्लाय मारलाय. फसवलं तुमाला."

आम्ही नेरूळच्या या रो-हाउसमध्ये राहायला आलो, तेव्हा शेजारधर्म म्हणून काका-काकूंना चहाला बोलावलं. काकांनी माझा ड्रॉवर नुसता उघडला नाही, रुळावरून उपसून मांडीवर घेतला. त्याच्या मागे पडलेली, मी घरभर शोधून सोडून दिलेली लग्नपत्रिका त्यांनी बाहेर काढली. लग्न होऊन त्या जोडप्याला मूलही झालं होतं. काकूंनी कपाळाला हात लावला. "आवो, पहिल्यांदा आलोय आपण हितं!" काका म्हणाले, "म्हणून तर बगितलं."

पुढे त्यांच्या भाचीचं लग्न जमवायला मंडळी खारघरला मुलाकडे गेली, तिथेही त्यांनी हाच प्रयोग केला. येताना गाडीत सगळे मुलाचा पगार, उंची, स्वभाव यावर बोलत होते. काकांनी एवढंच सांगितलं, "माणसं सरळ हायती. ड्रॉवरचे कोपरे काटकोनात हायत." लग्न झालं आणि भाची सुखात आहे, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध बोलायची आता नातेवाइकांत कुणाची हिंमत नाही.

काका मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात झाली, स्टोअरकीपर म्हणून. स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे ते बसायचे आणि बाहेर कामगारांची रांग. काय पायजे, कशाला पायजे, जुनं जमा कर. या तीन वाक्यांवर त्यांनी नोकरी काढली. आयुष्यात कंपनीचा एक वॉशरसुद्धा घरी आणला नाही, हा त्यांचा सर्वांत मोठा अभिमान. एकदा शर्टाच्या खिशात चुकून एक नट राहिला, तर तो परत ठेवायला सुट्टीच्या दिवशी कारखान्यात गेले होते. वॉचमन आत सोडेना, तर गेटवर त्याच्याशी भांडून आत गेले. ही गोष्ट ते स्वतः सांगतात आणि काकू ती स्वतःच्या पद्धतीने पूर्ण करतात, "त्या दिवशी माज्या मावसभावाचं लगीन हुतं."

रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. माझ्या खिडकीच्या कडीचा स्क्रू पडला म्हणून मी त्यांच्याकडे मागायला गेले.

"जुना जमा कर."

"काका, जुना हरवला म्हणून तर आले."

"मग हुडक. हरवला म्हंजे काय? घरातच आसंल की."

मी घरी येऊन खरोखर गुडघ्यावर बसून स्क्रू शोधला. तो सापडला, आणि तो सापडल्यावर नव्याची गरजच उरली नाही. काका म्हणाले, "आसं स्टोअर चालतं."

आता त्यांच्या गॅरेजबद्दल. आमच्या ओळीत प्रत्येक घराखाली गाडीपुरतं शटरचं गॅरेज आहे. काकांची गाडी मात्र बारा महिने बाहेर बदामाच्या झाडाखाली उभी असते आणि कावळे तिचं काय करायचं ते करतात. आत काकांचं वर्कशॉप आहे. जमिनीपासून छतापर्यंत तीन भिंतींना कपाटं, आणि कपाटांत ड्रॉवरच ड्रॉवर. स्क्रूंचे, खिळ्यांचे, पॉलिश पेपरचे, पकडींचे. करवतीसाठी लांबोडका, रंध्यासाठी खोलगट. काटकोन तपासायच्या गुण्याला तर आतून हिरवं मखमली अस्तर लावलेला स्वतंत्र ड्रॉवर आहे. "परत्येक वस्तूला घर पायजे," हे त्यांचं वाक्य. "घर नसलं की वस्तू भटकती."

आणि या वर्कशॉपमध्ये काका काय बनवतात? ड्रॉवर. कुणासाठी? वर्कशॉपसाठी. ज्या हत्यारांनी ड्रॉवर बनवायचे ती ठेवायला ड्रॉवर, आणि ते ड्रॉवर बनवायला जी नवी हत्यारं लागतात त्यांना आणखी ड्रॉवर. आजवर तिथून एक पाटसुद्धा बाहेर गेलेला नाही.

पहिलं कपाट तर त्यांनी दाराला इतकं लागून बसवलं की त्याचे खालचे ड्रॉवर उघडले की शटरच्या रेघेबाहेर येतात. म्हणजे शटर वर केल्याशिवाय खिळे निघत नाहीत. दुपारी सगळी ओळ झोपलेली असते आणि धडाड आवाज होतो. माझा नवरा कुशीवर वळून म्हणतो, "काकांना खिळा लागला." ही चूक आहे असं काका मानत नाहीत. त्यामुळे हवा खेळती राहते, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते मला काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलं. काकू अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत आणि स्वच्छतेच्या बाबतीत कडक. बाजारातून आणलेलं नाणंसुद्धा त्या धुऊन घेतील. पण हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता.

"रिटायर झाले आन् नुसते पडून. भिंतीकडं त्वांड करून. च्या ठेवावा, तर गार हुईस्तवर बघायचे न्हाईत. बोलनं बंद, जेवन म्हंजे दोन घास. मला वाटलं, हे मानूस ग्येलं आता माज्या हातातनं."

आणि मग एक दिवस स्वयंपाकघरातला चमच्यांचा ड्रॉवर अडकला. काकू चिडून म्हणाल्या, एवढं तरी करा. काका उठले, पेचकस शोधायला खाली गॅरेजमध्ये गेले. तिथल्या पसाऱ्यात पेचकस सापडेना. स्टोअरकीपर माणूस, त्यांना ते सहनच झालं नाही. आधी पेचकसाला घर करतो, मग तुझा ड्रॉवर, असं म्हणाले आणि प्लाय आणायला बाहेर पडले. त्या दिवशी संध्याकाळी ते दोन भाकऱ्या खाऊन झोपले.

चमच्यांचा ड्रॉवर आजही अडकलेलाच आहे. काकू तो गुडघा मारून उघडतात. दिवसातून कितीतरी वेळा तो गुडघ्याचा दणका आमच्याकडे ऐकू येतो आणि मागोमाग काकू तरातरा खाली उतरतात. "जगाची कपाटं झाली, माजा एक ड्रॉवर हुईना!" काका शांतपणे म्हणतात, "आधी वर्कशॉप पुरं हुंदे." मग दोघं थोडा वेळ भांडतात आणि काकू तिथेच स्टुलावर बसून भाजी निवडतात.

यंदा मात्र गंमत झाली. नवरात्राच्या आधी काकांनी जाहीर केलं की वर्कशॉप पूर्ण होत आलंय, एकच ड्रॉवर उरलाय. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, नारळ फोडायचा आणि झालं. आम्ही ओळीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारची झोप परत मिळणार होती! कुणी पेढ्यांचं बोलायला लागलं.

काकूंनी तेवढी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीशी आल्या.

"सुनंदा, शनिवारी तुजी स्कूटर मोकळी हाय का? तळवलीला जायाचंय. भनीकडं."

बहीण तळवलीला होती हे खरं, पण काकूंनी मला तिच्या दाराशी थांबवलंच नाही. गावाच्या कडेला एका भंगारवाल्याच्या शेडपुढे स्कूटर उभी करायला लावली आणि पदर खोचून आत शिरल्या.

"बिजागऱ्या हायत का? पितळंच्या. मोठ्या."

भंगारवाल्याने एक पोतं उपडं केलं. काकू उकिडव्या बसून एकेक वस्तू उचलू लागल्या. छोटे स्क्रू, खिळे त्यांनी बाजूला सारले. "ह्याला त्येंच्याकडं जागा हाय." वाड्याच्या दरवाजाची असावी अशी लांबलचक बिजागरी दिसली, तशा त्या खुलल्या. मग वाकडे आकडे, जाड कड्या, कशाचं काय आहे ते कळू नये असं एक लोखंडी प्रकरण. "कुटल्याबी ड्रॉवरात बसनार न्हाय आसं द्या बाबा," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

परत येताना मी विचारलं, "काकू, हे कशाला?"

मागून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. "नारळ फुटला की काम संपलं की गं. संपलं की परत भिंतीकडं त्वांड. मला लई भ्या वाटतं."

मी स्कूटर हळू केली.

भंगारातली वस्तू तशीच घरात न्यायची, हे काकूंच्या धर्मात बसणारं नव्हतं. काका दुपारी प्लाय आणायला गेले तशा त्या मागच्या मोरीत बसल्या आणि प्रत्येक बिजागरी चिंच-मीठ लावून घासली. देवघरातली समई घासावी तशा बिजागऱ्या लखलखल्या. त्यांची बोटं मात्र पार सोलवटून निघाली. मग सगळं एका जुन्या डब्यात भरलं.

खंडेनवमीला आम्ही सगळे गॅरेजसमोर जमलो. करवतीला झेंडूची माळ, ड्रिल मशीनला कुंकू, शटरला तोरण. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नारळ हातात घेतला होता. इतक्यात काकू डबा कडेवर घेऊन जिन्यावरून आल्या.

"थांबा जरा. माळा साफ करताना ह्यो घावला. तुमचाच हाय, कंपनीतनं आनलेला."

मी मान खाली घातली. ज्या माणसाने कंपनीचा नट परत करायला लग्न सोडलं, त्याला ही बाई म्हणत होती, कंपनीतनं आणलेला!

काकांनी नारळ खाली ठेवला आणि डबा उघडला. ती लांब बिजागरी बाहेर काढली, उलटी केली, नाकाशी नेली. मग काकूंकडे पाहिलं. काकू तोरण सरळ करत होत्या.

"आसंल," काका म्हणाले. "इसरलो आसंन."

मग त्यांनी एकेक वस्तू फळीवर मांडली. ती उघड्या ड्रॉवरांत घालून पाहिली. कुठेच बसेना.

"ह्यास्नी घर न्हाय," त्यांनी जाहीर केलं. "वर्कशॉप पुरं न्हाय झालं. नारळ ऱ्हाऊंदे."

त्या नारळाची चटणी झाली. आमची झोप पुन्हा गेली. काकू वर जाताना मोठमोठ्याने कुरकुरत होत्या, "झालं! आता ह्येंचं परत चालू!" पण जिना चढताना त्यांचे पाय काय हलके पडत होते!

आठवडाभराने मी दाराची मोडलेली मूठ घेऊन काकांकडे गेले. मूठ जमा केली. काका एका लांब, खोल ड्रॉवरचे कोपरे गुण्याने तपासत होते. बाजूला त्या बिजागऱ्या ओळीने झोपवलेल्या.

"कुटल्या भंगारवाल्याकडं ग्येली हुती ही?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी दचकले. "कोण?"

"सुनंदा, आयुष्य स्टोअरात ग्येलं माजं. माल कुटनं आला मला कळत न्हाय? माळ्यावरचं पितळ आसं चमकतं व्हय? चिंचंचा वास येतोय अजून."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"का बोलायचं?" काकांनी ड्रॉवर हातात धरून एका डोळ्याने कड पाहिली. "शेवटचा ड्रॉवर झाला तवा रातीला मलाबी झोप न्हवती. उद्यापास्नं काय करायचं, ह्येच. आन् सकाळी ही डबा घिऊन आली."

वरून दणका ऐकू आला. काकूंचा गुडघा, चमच्यांचा ड्रॉवर.

"मग तो ड्रॉवर तरी दुरुस्त करून द्या त्यांना," मी म्हटलं.

"पाच मिनिटांचं काम हाय," काका हसले. "पन मग ती खाली कशाला यील?"

जिन्यावर पावलं वाजली. काका एकदम पुढे वाकले आणि हळू आवाजात घाईघाईने म्हणाले, "ह्ये बघ, पुढच्या टायमाला तूच नेशील न्हवं तिला? मंग बिजागऱ्या घिऊ दिऊ नगंस. काय तरी गुळगुळीत घ्या. घासताना बोटं फाटत्यात तिची."

"आणि मला कुठून कळलं म्हणून सांगू?"

"त्ये तू बघ. माजं नाव नगं."

काकू दारात आल्या. हातात वालाच्या शेंगांचं ताट आणि बोटांना हळद लावलेली. "जगाची कपाटं झाली," त्यांनी सुरू केलं, आणि काकांनी मखमलीच्या ड्रॉवरखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.