गावच्या पैशाचा पहिलवान

तुळशीराम काकाजी नगरपालिकेच्या मेंबराला कधी नमस्कार करत नसत. रस्त्यात अडवून एवढंच विचारत, "काहो मेंबर, माहे पैसे कसे हायेत?" सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी, तो सूर. पैसे म्हणजे त्यांनी भरलेली घरपट्टी. दिव्याच्या खांबाला पाठ टेकून ते उभे राहत आणि कोणी हटकलं तर म्हणत, "माहा हाय."

मी तेव्हा मेंबर होतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आम्हाला काहीतरी भव्य करायचं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या त्या गावात नाल्या उघड्या होत्या; आम्ही कुस्त्यांसाठी दगडी पायऱ्यांचं मैदान बांधायला घेतलं. त्याला स्टेडियम म्हणायचं ठरलं. बिदागी घेऊन लढणारे नामी पहिलवान येतील, तिकिटं ठेकेदार विकेल. ठरावाला मीही हात वर केला. तो हात मला अजून नीट खाली घेता आलेला नाही.

काकाजी सभेत मागे उभे होते. "दगड आमचे, जागा आमची. बिदागी पहिलवानाची, तिकीट ठेकेदाराचं. आन पाहाले आमीच पुन्हा पैसे द्याचे?"

"तरुणांना प्रेरणा मिळेल, काकाजी," मी म्हणालो.

"मिळन ना. नालीतल्या डासाईले बी मिळून राह्यली."

नागपंचमीला उद्घाटन झालं. उमरखेडकडचा एक पहिलवान पडला तो उठेना. गुडघा गेला होता. बिदागी जिंकणाऱ्याची. उपचाराचा खर्च कोणी करायचा यावर आम्ही जागेवरच सभा घेतली आणि तशी तरतूद नसल्याचं एकमताने ठरवलं. तोवर काकाजींनी आपली बैलबंडी फाटकाशी आणली होती. तिकीट न काढता ते आत शिरले. "उचला त्याले," ते म्हणाले. "याच्यात माहेही पैसे हायेत."

काकू गेल्यापासून काकाजी एकटेच राहत. सकाळची भाकर रात्री खात. आता त्यांच्या ओसरीत पहिलवान झोपू लागला. बाजारात ते गाऱ्हाणं सांगत, "गावाचा पैसा माह्या घरी लोळून राह्यला. दूध पेते, अंडे मांगते, रात्री घोरते." सांगता सांगता भाजी मात्र दोघांची निवडून घेत. दुधासाठी त्यांनी म्हैसही बांधली.

मी दर रविवारी संत्री घेऊन जाई. "पाय कसा आहे?"

"तसाच," दोघेही एकदम सांगत. संत्र्यांनी माझं मन काही हलकं होत नसे.

दिवाळी उलटली. एका सकाळी मी मागच्या वाटेने गेलो. गोठ्याआड पहिलवान घामाघूम होऊन बैठका मारत होता. मग त्याने तोंड पुसलं, काठी उचलली आणि लंगडत लंगडत ओसरी गाठली. माझ्या छातीवरचा दगडच उतरला. काकाजी चुलीपाशी तेल कोमट करत होते.

"काकाजी, बरा झाला तो. बैठका मारतो आहे."

"हळू बोला," काकाजी म्हणाले. "मी कवापासून पाहून राह्यलो. आपल्याले समजलं हे त्याले कळलं, त शरमेनं निंघून जाईन तो."

वाटी घेऊन ते ओसरीत गेले. पहिलवानाने कण्हत पाय पुढे केला. डावा. दुखावला होता उजवा. काकाजींनी धोतराचा सोगा खोचला आणि तोच पाय चोळायला घेतला.