साळवे सरांचा पुठ्ठा

आदिलाबादच्या बस स्टँडवर उतरणाऱ्याला सहसा कोणी घ्यायला येत नाही. यायचं तरी कशाला? बाहेर ऑटो उभे असतात आणि गाव आहे एवढंसं. तरीही नांदेडचं एक लग्न आटोपून मी आणि बायको उतरलो, तेव्हा समोर एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा छातीशी पुठ्ठा धरून उभा होता. पुठ्ठ्यावर मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीत माझंच आडनाव होतं, मामीडवार. माझा जन्म या गावातला, वीज ऑफिसातली सगळी नोकरीही इथलीच. चणेवाल्याने मला विचारलं, निवडणुकीला उभे राहताय का? बायको पदर डोक्यावर ओढून थेट ऑटोत जाऊन बसली.

हे आमचे शेजारी, दानियल साळवे सर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी रूथबाई गेल्या आणि त्यांचं घर इतकं गप्प झालं, की कुकरची शिट्टी ऐकूनच सर आत आहेत हे आम्हाला कळायचं.

रूथबाईंना जाऊन वर्ष झालं, आणि सर पोलंडला निघाले. ख्रिस्ती विद्यार्थ्यांची एक संस्था बिनपगारी स्वयंसेवक पाठवत होती. आपल्याकडची पोरं तिकडे डॉक्टरी-इंजिनिअरिंग शिकायला जातात, त्यांच्यात राहायचं, त्यांचं हवं-नको बघायचं आणि जमेल तसा प्रभूचा शब्द सांगायचा, असं काम. सरांनी सामानात ज्वारीचं पीठ नेलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते पीठ बघून त्यांना बाजूला घेतलं. सरांनी चिमूटभर पीठ त्याच्यादेखत तोंडात टाकलं आणि त्यालाही देऊ केलं. नंतर बराच वेळ त्यांची चौकशी चालली होती म्हणे.

तिकडे त्यांच्या वाट्याला नव्या पोरांना विमानतळावरून आणायचं काम आलं. तेव्हापासून पुठ्ठा त्यांच्या हाताला चिकटला तो चिकटलाच.

दोन वर्षांनी परतल्यावर चर्चच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "मंग सर, किती जनाईचा बाप्तिस्मा झाला?"

"एकाचाबी नाई," सर म्हणाले. "पन उपाशी कोनी नाई राह्यलं."

सेक्रेटरींनी पुढचं गाणं घ्यायला सांगितलं.

खरं सांगायचं तर सर प्रचारक म्हणून कच्चेच होते. माझ्या ओट्यावर येऊन ते येशू होडीत बसला त्या गोष्टीला सुरुवात करायचे. एवढ्यात मी गुडघा चोळताना दिसलो की त्यांचं अडायचं. "काऊन, लई दुखून राह्यलं का?" मग गुडघा, मग माझा साहेब, मग माझ्या पोराचं फोन न करणं. अंधार पडेपर्यंत मीच बोलत असायचो आणि येशू बिचारा होडीत तसाच बसलेला असायचा. असा ऐकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. त्यांना मात्र ते आपलं अपयश वाटायचं.

पुठ्ठ्यावरून गावात कमी भानगडी झाल्या नाहीत. गल्लीतल्या एका मुलीला बघायला गुडीहत्नूरची मंडळी गुपचूप येणार होती. बापाने कुठे अवाक्षर काढलं नव्हतं. सरांना कसं कळलं देव जाणे. मंडळी उतरली तर समोर त्यांच्या आडनावाचा पुठ्ठा आणि खाली 'स्वागत'. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. लग्न जमलं, पण सरांना पत्रिका आली नाही. ते म्हणाले, "नसू दे. त्याईच्यातलं बुढं मानूस उतरलं तवा पुठ्ठा पाहून हसलं होतं."

मी एकदा चिडून विचारलं, "सर, हे कशासाठी करून राह्यले तुमी?"

"परक्या जागी उतरल्यावर मानसाले आपलं नाव दिसलं पायजे."

"पन मी इथलाच हाय ना."

"तुमाले वाटते तसं," सर म्हणाले.

मला राग आला होता. मग मीही टोचलं. "तुमी पोलंडहून आलते तवा तुमाले घ्यायले कोन आलतं?"

"मले कशाले कोन पायजे? मी का गावात नवा हाय?" असं म्हणून ते कपातला संपलेला चहा पीत राहिले.

यंदा संस्थेला पुन्हा माणसं हवी होती. सरांनी अर्ज केला आणि दाराशी बॅग भरून ठेवली. भेटेल त्याला सांगायचे, "जाऊन राह्यलो पुन्हा." जैनथच्या आठवडी बाजारातून ज्वारी आणली, दळून ठेवली. इतका खूश माणूस बघून मला भीतीच वाटायला लागली. इथे त्यांची कोणाला गरज नव्हती, आणि हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मुलाखतीला हैदराबादला गेले, तेव्हा नवा शर्ट घातला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"नाई म्हनले भाऊ. वय झालं म्हनते. आन् आता पोरं मोबाइलवरच गाडी बोलावते म्हनते. पुठ्ठ्याचं काम नाई राह्यलं." मग म्हणाले, "बराबर हाय त्याईचं. रातच्या गाडीनं उद्या सकाळी येतो. गाईले ते पीठ चारून टाका."

मी पीठ चारलं नाही. बायकोने कापसाच्या बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिला. हीच बाई तेव्हा पदर ओढून पळाली होती. मी मोठ्या अक्षरांत 'साळवे सर' लिहिलं आणि सकाळी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. चणेवाला हसला. पुठ्ठा धरून उभं राहायला किती लाज वाटते हे मला तेव्हा कळलं.

हैदराबादची गाडी लागली. सगळे उतरल्यावर शेवटी सर उतरले. शर्ट चुरगळला होता, दाढी वाढली होती. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातला पुठ्ठाही पाहिला. मग सरळ माझ्याकडे आले, बॅग खाली ठेवली आणि माझ्या शेजारी गाडीकडे तोंड करून उभे राहिले.

"कोन येऊन राह्यलं, भाऊ?"

गाडीत आता फक्त कंडक्टर उरला होता, तरी सर दाराकडेच बघत होते. मग त्यांनी माझं कोपर धरून वर उचललं.

"छातीच्या वर धरा. मांगच्या मानसाले दिसत नाई."

"सर," मी म्हणालो, "वाचा तर."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला. नाव दोनच शब्दांचं होतं. सर ते वाचतच राहिले.