चपलांचा चौथा जोड

"तुमच्या घरात तिघांचीच नोंद होऊ शकते, आणि एक माणूस तिथं आधीच राहतोय," नोंदणी कचेरीत खिडकी क्रमांक सातमागच्या बाईंनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितले. "उरल्या दोन जागा. तुम्ही आहात तिघं."

"आधीच कोण राहतोय?" खिडकीबाहेरच्या गृहस्थाने विचारले.

"आधीचे भाडेकरू. त्यांनी नोंद रद्द केलेली नाही."

"पण ते तिथं नाहीत. आम्हाला येऊन पाच आठवडे झाले. दोन खोल्यांत चौथा माणूस असता तर आमच्या लक्षात आलं असतं."

"ते त्यांनी येऊन सांगायला हवं. आम्ही त्यांना तीन पत्रं पाठवली. एकही परत आलं नाही. म्हणजे मिळाली."

वजनकाटे कितपत खरे बोलतात हे तपासणे हा या गृहस्थाचा पेशा होता. एका प्रयोगशाळेने त्याला याच कामासाठी या देशात बोलावून घेतले होते. आयुष्यात त्याने चुकीचा आकडा कधी लिहिला नव्हता, आणि ही सवय खिडकीसमोरही सुटली नाही.

"पत्रं त्यांना मिळालेली नाहीत," तो म्हणाला. "ती आमच्या फ्रिजवर आहेत."

हे अक्षरशः खरे होते. परक्याचे पत्र फेकायचे नाही आणि परतही पाठवायचे नाही, माणूस कधीतरी न्यायला येतोच, अशी त्याच्या बायकोची ठाम समजूत होती. तिने ती पत्रे नीट रचून, उडू नयेत म्हणून वर स्टीलची वाटी ठेवली होती.

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. "म्हणजे त्यांची पत्रं घरात घेतली जातात," त्या म्हणाल्या आणि काहीतरी टंकले. "गुरुवारी तपासनीस येतील. घरात कोण तिघं राहतात ते बघून लिहितील. ज्यांची नावं लिहितील, त्यांची नोंद."

"आणि मुलीचा रहिवासाचा दाखला? शुक्रवारी पाचच्या आत शाळेत दिला नाही तर तिची जागा जाते. वर्षभर घरी बसेल ती."

"तपासनीस गुरुवारी येतील," बाई म्हणाल्या. पुढच्या माणसाचा क्रमांक लागला.

घरी सात वर्षांची मुलगी जमिनीवर बसून शाळेसाठी चित्र रंगवत होती. बायकोने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे तो माणूस इथं नाही, एवढंच दाखवायचंय ना?"

"नसणं दाखवता येत नाही. फार तर शोधूनही सापडलं नाही, असं म्हणता येतं."

"मग शोधू दे त्याला. मी केर काढून ठेवते."

"अगं, केराचा प्रश्न नाही. तो वस्तू बघणार, मोजणार, आणि त्यावरून माणसं ठरवणार. आपली मोजणी तीनच्या पुढे जाता कामा नये."

बुधवारी त्याने रजा घेऊन घराची छाननी केली. चौथी खुर्ची तळघरात गेली. कप तीन उरले, ताटे तीन, उशा तीन. दुपारी त्याला मोठी उणीव जाणवली. घरात पुरुष एकच असला, तरी दाढीची यंत्रे दोन होती, कोट दोन होते, बुटांचे जोड तीन. यातले कुठले त्याचे आणि कुठले त्या दुसऱ्याचे, हे तिऱ्हाइताने कशावरून ठरवायचे? ज्या वस्तूचे दोन अर्थ निघतात ती पुरावा म्हणून टाकाऊ, हे तो शिकाऊ उमेदवारांना नेहमी सांगत असे. पुरुषाची म्हणून ओळखू येईल अशी प्रत्येक वस्तू त्याने दोन बॅगांत भरली आणि प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटात नेऊन ठेवली.

"अहो, तुमचं म्हणून काहीतरी राहू दे की घरात," बायको म्हणाली.

"ब्रश आहे. माणसं तीन, ब्रश तीन."

"घर आहे का तुमचा तराजू?"

त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. मुलीने त्याच्या ताटातली पोळी संपवली आणि विचारले, "बाबा, शाळेत नाही घेतलं तर मी परत माझ्या जुन्या शाळेत जाऊ?" जुनी शाळा विमानाने अकरा तासांवर होती. त्याने उठून उशा पुन्हा मोजल्या.

गुरुवारी दहा वाजता तपासनीस आले. उंच, सौम्य, हातात जाड पुठ्ठ्याला लावलेले कागद. दारातच ते खाली वाकले.

"चपलांचे चार जोड," ते म्हणाले.

गृहस्थाने वाकून पुन्हा मोजले. घरातली प्रत्येक वस्तू त्याने मोजली होती, पण हा जोड इतका रोजचा होता की तो वस्तू वाटतच नव्हता.

"तो चौथा बाथरूमचा," बायको पुढे झाली.

"कोणाचा?"

"कोणाचाच नाही. आत जाताना जो तो घालतो."

"माप मोठं आहे. पुरुषाचं."

"कोणाचाही पाय मावावा म्हणून मोठं घेतलंय," ती म्हणाली.

फक्त बाथरूममध्ये वापरायची आणि मालक नसलेली चप्पल ही कल्पना या देशातल्या तपासनिसांना समजावायला तिने बरेच कष्ट घेतले. त्यांनी सहानुभूतीने ऐकले आणि एकच ओळ लिहिली. मग फ्रिजवरची वाटी उचलून पत्रांवरचे नाव वाचले.

"फार जपून ठेवलीत."

"लोकांचं असतं ना," बायको म्हणाली.

फ्रिजच्या दारावर मुलीचे चित्र लावलेले होते. घर, घरासमोर चार माणसे. "हे चौथे कोण?" तपासनिसांनी मुलीला विचारले.

"मागले काका. आमच्या आधी राहायचे ते."

"ते इथं राहतात?"

मुलीने विचार केला. "दिसत नाहीत. पण बाबा रोज त्यांच्याबद्दलच बोलतात. बाबांनी त्यांच्यासाठी रजापण घेतली."

"ते नाहीतच," गृहस्थ म्हणाला. "इथं मी राहतो."

"तुमचं इथं काय आहे?" तपासनिसांनी मृदूपणे विचारले.

गृहस्थाने खोलीभर पाहिले. खुंटीवर कोट नव्हता. कपाटात शर्ट नव्हता. "ब्रश," तो म्हणाला.

"तिसरा?" तपासनिसांनी न्हाणीघरात डोकावून ब्रश मोजले, आणि दारातल्या चपलांच्या मोठ्या जोडाकडे पुन्हा एकदा पाहिले.

"माझी कागदपत्रं खिडकी क्रमांक सातकडे आहेत. ती बघा."

"कागद खिडकीवाले बघतात. मी वस्तू बघतो."

शुक्रवारी सव्वाचार वाजता दाखला मिळाला. घरात राहणारी तीन माणसे: पत्नी, मुलगी आणि मागले काका. खाली लहान अक्षरांत शेरा होता, की तपासणीच्या वेळी एक परिचित गृहस्थ हजर होते. त्यांचे स्वतःचे सामान आढळले नाही.

तो दाखला घेऊन गृहस्थ शाळेपर्यंत धावला. पावणेपाचला कारकुनाने शिक्का मारला. मुलीची जागा पक्की झाली.

"पण हे साफ चुकीचं आहे," संध्याकाळी तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"असू दे की. पोरगी शाळेत जाणार ना? दुरुस्तीचा अर्ज सोमवारी द्या."

"दुरुस्तीला सहा आठवडे लागतात."

"मग सहा आठवडे या-जा करा," बायको म्हणाली आणि वाटी पत्रांवर परत ठेवली.

दुरुस्ती होईपर्यंत नवा घोळ नको, म्हणून त्याने मुलीला बजावले, "कोणी काही विचारलं, तर कागदावर आहे तेवढंच सांगायचं."

सोमवारी शाळेच्या फाटकात पहारेकरी बाईंनी दाखल्यांवरून केलेली यादी पाहिली. मुलीचे नाव होते, आईचे होते, मागल्या काकांचेही होते. "तुम्ही यादीत नाही. हिचे कोण?"

गृहस्थाने यादी स्वतः पुन्हा वाचली. खरे उत्तर कागदाविरुद्ध होते, आणि कागदावरचे उत्तर त्याच्या तोंडून निघेना.

"हे येत असतात," मुलगी म्हणाली. "रोज संध्याकाळी येतात आणि सकाळी जातात."

पहारेकरी बाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळले, पाहुण्यांची वही पुढे सरकवली आणि एक पिवळा बिल्ला दिला. तो त्याने कोटावर लावला, तिरका वाटला म्हणून काढला आणि पुन्हा सरळ लावला.

"कोणाकडे आलात, ते लिहायचं राहिलं," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे," मुलीने सांगितले आणि त्याचे बोट धरून त्याला आत नेले.