मामाची तीन बोटं

आर्णीजवळच्या आमच्या गावात मामा समोरून येताना दिसला की माणसं तोंड मिटून रस्ता बदलतात. मामा जयभीम नंतर घालतो. आधी म्हणतो, "आ कर!"

हे मीच शिकवलेलं.

आई न् मामा दुसऱ्यांच्या वावरात राबायचे. डब्यात भाकर एकच असायची, ती माझी. दोघं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळायचे. "खर्रा टाकला का भूक मरते," मामा म्हणायचा. त्या भाकरीवर मी घरातली पहिली बी.ए. झाले, हे मान वर करून सांगते.

एका शिबिरात ऐकून आले न् मामाला सांगितलं, "तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. नाही गेली तर खर्र्यानं जबडा आखडला. पुढं कॅन्सरचं भेव." मामानं पाठ फिरवून बोटं घालून पाहिली. "जाते, जाते," म्हणाला, न् खर्रा चुलीत फेकला.

मग मामानं गावाची तपासणी सुरू केली. सलूनमध्ये अर्ध्या दाढीवर, लग्नात पंगतीला. "दोनच जाते? तू गेला!" म्हटल्यावर नवरदेवाचा घास हातातच राहिला. पानठेल्यावर मामाजवळ कोणी बसेना. लोक दवाखान्याच्या नावानंच कापू लागले. शेजारची शांताकाकू मला म्हणाली, "तुनं मामाले शिकवलं बाई, आता आमाले जांभई द्याची चोरी!"

भीमजयंतीला मी पुरी-भाजी वाढली. मामा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पाहते तर पुरी चहात भिजवून चोखत होता. मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मामा, आ कर."

मामा मागं सरला. "माह्यं काय पाह्यतं?"

"आ कर म्हणते ना!"

त्यानं मान खाली घातली. "एकच बोट जाते, पोरी. पयल्या दिवसापासून. गावात आपल्यासारखा दुसरा कोनी सापडन म्हनून पाह्यत फिरलो. एकल्याले लय भेव वाटे."

दुसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं. बसमध्ये त्यानं माझा हात सोडला नाही. दवाखान्याच्या रांगेत मी भाकरीचा डबा तसाच धरून उभी, न् हा म्हणतो, "तू भाकर खाऊन घे वं, उपाशी नको राहू."

तपासणी झाली. कॅन्सर नव्हता. जबडा मात्र पार आखडला होता. इंजेक्शनं झाली, व्यायाम झाले.

आता मामाच्या तोंडात दोन बोटं जातात. तो भाकर चावून खातो.