नाईक सरांची सरासरी

आमच्या शाळेतल्या नाईक सरांना "कसे आहात?" असं कुणी विचारू नये. सर थांबतात, डोळे मिटतात आणि हिशेब करतात. सकाळी गुडघा ठणकत होता, न्याहारीला घावणे उत्तम झाले होते, मधल्या सुट्टीत पुन्हा गुडघा. मग डोळे उघडून म्हणतात, "सरासरी बरा."

किहीमच्या बाजूला, नारळीच्या वाड्यांमागे आमची शाळा. सर गणित शिकवतात, मी मराठी. सरासरीचा धडा पुस्तकात एकदाच येतो. सरांच्या आयुष्यात तो अजून संपलेला नाही. एकदा मुंबईला निघाले तेव्हा रेवसच्या धक्क्यावर मुद्दाम उशिरा पोचले, कारण लाँच सरासरीनं उशिराच सुटते. त्या दिवशी ती वेळेवर सुटली. नारळांची गोणी पायाशी ठेवून, दूर जाणाऱ्या लाँचकडे बघत सर म्हणाले, "सरासरी चुकत नाही हो. चुकतो तो प्रसंग."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मागे नववी अ आणि नववी ब यांची रस्सीखेच होती. सरांनी आदल्या दिवशी दोन्ही संघ रेशन दुकानाच्या काट्यावर चढवले, वजनांच्या सरासऱ्या फळ्यावर मांडल्या आणि 'अ' जिंकणार असं जाहीर केलं. 'अ'मध्ये वाडीवाल्यांची खाऊनपिऊन सुखी मुलं. 'ब'मध्ये कोळीवाड्यातली, अंगानं काटकुळी, पण रोज जाळं ओढणारी. शिट्टी वाजली आणि अख्खी सरासरी 'ब'च्या अंगावर जाऊन पडली.

"सर, आता भागिले किती?" मागून कुणीतरी ओरडलं.

"प्रसंग चुकला," सर शांतपणे म्हणाले.

आमच्या मुख्याध्यापकांना फाटकावर फ्लेक्स लावायचा छंद आहे. त्यांचा फोटो मोठा, शाळेचं नाव लहान, आणि मजकुरात 'उज्ज्वल' हा शब्द निदान दोनदा. यंदा त्यांना दहावीची सरासरी छापायची होती, आणि त्यात मनाली आड येत होती.

मनाली सरांच्या वर्गातली. पहाटे आईबरोबर मासळी घेऊन बाजारात जाते आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपते. गणितातले तिचे गुण एका हाताच्या बोटांवर मावतात. मुख्याध्यापकांनी ठरवलं, तिला शाळेतर्फे नको, बाहेरून बसवू. बाहेरून बसवलेल्या मुली आमच्याकडे पुढे घरीच बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांनी सरांना बोलावलं. मी तिथे आधीच होतो, फ्लेक्सवरच्या 'उज्ज्वल'मधला दुसरा 'ज' शोधत. मनाली दाराशी उभी होती.

"नाईक सर, हे तुमचंच शास्त्र," मुख्याध्यापक प्रसन्नपणे म्हणाले. "हिला वगळली तर वर्गाची सरासरी वर जाते की नाही?"

मी मराठी शिकवतो. तरी उत्तर मलाही येत होतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही. खाली येते."

"खाली? खाली कशी येईल?"

"हेडसर, सरासरी म्हणजे घर. सगळ्यात खालचा दगड काढला की काय होतं? समजावून सांगतो ना. फळा आहे का इथं? फार नाही, तासभर लागेल. आधी अपूर्णांकांपासून सुरुवात करू."

अपूर्णांक ऐकताच मुख्याध्यापकांचा हात आपोआप घंटीकडे गेला. "नको, नको. तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. असू दे पोरगी."

बाहेर आल्यावर मी त्यांना खांबाआड गाठलं. "सर, अहो, हे काय ठोकून दिलंत?"

सरांच्या कपाळावर घाम होता. स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे बघत ते म्हणाले, "हातात खडू नव्हता म्हणून जमलं. खडू असता तर जीभ वळली नसती."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर सर आणि मनाली दोघं रिकाम्या वर्गात बसू लागले. एकदा मी छत्री विसरलो म्हणून परत आलो, तेव्हा मनाली विचारत होती, "सर, सगळ्या पोरांना तुम्ही आधीच सांगता किती मार्क पडतील ते. मलाच का न्हाय सांगत? मी पास व्हईन ना?"

तिच्या सगळ्या चाचण्यांचे गुण सरांना तोंडपाठ. ओठ हलले, बेरीज झाली असावी. भागाकारापाशी ते थांबले.

"ते मला काढता येत नाही," सर म्हणाले. "पुढचं उदाहरण घे."

खिडकीतून खारा वारा येत होता आणि तिच्या वहीची पानं सारखी उलटत होती. सरांनी खडूनं पांढरा झालेला पंजा पानाच्या कोपऱ्यावर ठेवला, आणि तिचं सोडवून होईपर्यंत उचलला नाही.