गिरणीची दृष्ट

महागावहून चाचणी घ्यायला साहेब आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. लालीबाईंनी सौर गिरणीचं बटण दाबलं, आणि गिरणी हूं की चूं करेना.

तांड्यातल्या बारा बायांच्या गटाची ही गिरणी. तांड्यात वीज आली तर आली, म्हणून दळणाचं टोपलं डोक्यावर घेऊन चार किलोमीटर चालायचं, तेही इथल्या उन्हात. ते ऊन दरसाल वाढतंय, पाऊस मनाला येईल तेव्हा पडतोय. यात या बायांचा हात किती, तर चुलीच्या धुराएवढा. भोगायला मात्र पहिला नंबर त्यांचा. दोन वर्षं अर्ज करकरून त्यांनी गिरणी मिळवली होती. पण कागदात अट होती: चाचणीत चालली तर गटाची, नाही तर सरपंच ठरवतील त्याची. आता सरपंच उर्वशी. पण खुर्ची, शिक्का आणि तोंड, तिन्ही तिच्या नवऱ्याकडे, अमरसिंगकडे. गिरणीसाठी त्याने घरामागची जागा झाडूनही ठेवली होती.

लालीबाईंनी पट्टा ताणला, डबा उघडला, फ्यूज बदलला. प्रशिक्षणात शिकवलेलं केलं, न शिकवलेलंही केलं. गिरणी ढिम्म. तिकडे अमरसिंगने साहेबांना चहा पाजता पाजता, हे बायांचं काम नव्हेच, असं तीनदा सांगून घेतलं. साहेबांनी पेन काढलं.

शेवटी लालीबाई शिडी लावून छपरावर चढल्या आणि वरच कपाळाला हात लावून बसल्या. आठही सोलर पाट्यांवर आरसे जडवलेली भरतकामाची कापडं, चारी कोपऱ्यांना आवळून बांधलेली! असं बारीक काम तांड्यात फक्त हंसाबाईंचं, गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या.

"नव्या वस्तूले नजर लागते," हंसाबाई खालून शांतपणे म्हणाल्या. "अन् आरसे किती हाये त्याले. मले वाटलं, ऊन दुप्पट होईन."

अमरसिंग मांडीवर थाप मारून हसला. लालीबाईंनी कापडं सोडली, खाली उतरून पुन्हा बटण दाबलं, तशी गिरणी घरघरली आणि ज्वारीचं पीठ पडू लागलं. बायांचा जीव भांड्यात पडला. पण साहेब पडले नियमाचे. चाचणी अकराची होती, अकराला गिरणी बंद होती, तसंच लिहावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

लालीबाईंचं डोकं सणकलं. पिठाचे हात त्यांनी तसेच कमरेवर ठेवले.

"चूक आमची, शोधली बी आम्हीच, अर्ध्या घंट्यात. गावची विजेची डीपी जळून दोन महिने झाले, साहेब. कोणी पाहून तरी गेलं काय? ऊन आमच्या डोक्यावर पडते. त्याचं पीठ बी आम्हीच दळू."

साहेबांनी कागद पुढे केला. गिरणी कोणाची, ते सरपंचांनी लिहून सही करावी. अमरसिंगने सवयीने पेन घेतलं. मागे उभी असलेली उर्वशी पुढे आली आणि तिने ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चार माणसांत तिने त्याच्या हातातलं काही घेतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"सरपंच मी आहो," ती म्हणाली.

तिने 'महिला गट' असं सावकाश लिहिलं, खाली ठसठशीत सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"घरी ज्वारी निसून ठेवली हाये, घेऊन या. अन् रांगेत उभे राहा, मधात घुसू नका."

अमरसिंगचा नंबर सतरावा लागला.